आगकाडीची जन्मकथा

दोन घरांचे पटेनासे झाले, त्यांचे बोलणेचालणे बंद झाले, म्हणजे 'त्यांच्यात विस्तवही जात नाही' असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार तुम्ही अनेकदा ऐकला असेल. कदाचित एखाद्या निबंधात वापरलाही असेल. परंतु भांडणाचा आणि विस्तवाचा संबंध काय, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय? ज्या काळी घरोघरी आगपेटी नव्हती, त्या काळाची ही आठवण आहे. चूल विझली तर गृहिणी खापरीचा तुकडा किंवा गोवरी घेऊन शेजारच्या घरी जाई आणि तेथील चुलीतले दोन निखारे मागून आणी. ही देवघेव इतकी नित्याची होती, की ती थांबली म्हणजे दोन्ही घरांतील संबंध पूर्णपणे तुटला असे समजावे. पाणी आणि विस्तव मागणाऱ्याला नाही म्हणू नये, असा त्या वेळचा शिष्टाचार होता.

घरात एकदा पेटलेला विस्तव विझू नये म्हणून लोक फार जपत. रात्रीची जेवणे आटोपली, की चुलीतील धगधगते निखारे राखेखाली झाकून ठेवावयाचे आणि पहाटे राख बाजूला सारून, त्यांवर वाळलेल्या गोवरीचा चुरा टाकून, फुंकणीने फुंकून जाळ करावयाचा, असा क्रम असे. राखेमुळे निखाऱ्याला हवा बेताचीच मिळे, म्हणून तो हळूहळू जळत रात्र काढी. 'राखेखालचा निखारा' ही भाषेतील उपमा अशी रोजच्या चुलीतून आली आहे.

आणि सगळ्यांच घरांतील विस्तव विझला तर? मग तो नव्याने उत्पन्न करावा लागे. त्याचे दोन मार्ग आपल्याकडे फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. पहिला मार्ग घर्षणाचा. यज्ञासाठी अग्नी सिद्ध करावयाचा तो अरणीमंथनाने. लाकडाच्या एका फळीवरील खळग्यात दुसऱ्या लाकडाचा दांडा उभा धरून तो रवीप्रमाणे दोरीने गरगरा घुसळीत. घर्षणाने लाकडाचा भुगा पडे, तो तापून काळा होई, त्यातून धूर निघे आणि शेवटी बारीकशी ठिणगी धरली जाई. दुसरा मार्ग चकमकीचा. गारगोटीवर पोलादाचा तुकडा जोराने आपटला, की पोलादाचे अत्यंत बारीक कण तासले जातात आणि आघाताच्या उष्णतेने हवेत पेटून उठतात. त्यांनाच आपण ठिणग्या म्हणतो. ही ठिणगी कापसाच्या कोरड्या बोळ्यावर झेलावयाची आणि फुंकर घालून फुलवावयाची. मेंढपाळ आणि वाटसरू चकमक जवळ बाळगीत. परंतु हवा दमट असली, हात थरथरत असले किंवा काळोख असला, म्हणजे हे काम किती कष्टाचे होत असेल याची कल्पना करून पाहा. पावसाळ्यात तर कापूसच ठिणगी धरीत नसे. जे काम आज तुम्ही एका क्षणात करता, त्यासाठी शेकडो पिढ्यांनी घाम गाळला आहे.

या सर्व खटाटोपामागे निसर्गाचा एक साधा नियम आहे. कोणतीही वस्तू पेटण्यास तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, हवेतील प्राणवायू आणि पुरेशी उष्णता. प्रत्येक पदार्थ पेटण्यासाठी काही एका तापमानापर्यंत तापावा लागतो. लाकूड त्या दृष्टीने फार हट्टी आहे. त्याला जाळ धरण्याइतके तापविण्यास हातांनी केलेले घर्षण सहजी पुरे पडत नाही. तेव्हा लाकडाच्या टोकाला असा एखादा पदार्थ लावला पाहिजे, की जो थोड्याशा उष्णतेने पेट घेईल आणि आपल्या ज्वाळेने लाकडालाही पेटवील. हा पदार्थ कोणता? आगकाडीची जन्मकथा म्हणजे या एका प्रश्नाच्या उत्तराचा शोध होय.

या शोधाचे पहिले पाऊल ज्याने टाकले, त्याला आग नको होती. त्याला सोने हवे होते. जर्मनीतील हँबर्ग शहरी हेनिग ब्रांड नावाचा किमयागार राहत असे. हलक्या धातूंचे सोने करणारा परीस आपणांस सापडेल, या आशेने तो नाना पदार्थ आटवीत व तापवीत बसे. १६६९ साली त्याने मानवी मूत्र आटवून उरलेला गाळ भट्टीत खूप तापविला. सोने काही मिळाले नाही. परंतु मेणासारखा एक मऊ पदार्थ हाती आला आणि तो अंधारात मंद हिरवट प्रकाशाने चमकू लागला. या पदार्थाला फॉस्फरस हे नाव पडले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'प्रकाश वाहून आणणारा' असा आहे. हा पांढरा फॉस्फरस मोठा विलक्षण पदार्थ आहे. आपल्याकडील उन्हाळ्याच्या दिवसांत हवेचे जे तापमान असते, तेवढ्यातही तो आपोआप पेटू शकतो. म्हणून त्याला पाण्यात बुडवून ठेवावे लागते.

फॉस्फरस सापडला, तरी त्यापासून आगकाडी व्हावयास आणखी दीडशे वर्षे जावी लागली. प्रथम तो फार दुर्मिळ आणि महाग होता. पुढे अठराव्या शतकात स्वीडनमधील गान आणि शेले या शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या हाडांत फॉस्फरस असतो असे दाखविले, तेव्हा तो पुष्कळ प्रमाणात मिळविण्याचा मार्ग खुला झाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात ज्वलनास प्राणवायू लागतो हे लाव्हाझिये या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केले आणि त्याचा देशबांधव बर्थोले याने पोटॅशियम क्लोरेट नावाचे लवण तयार केले. या लवणाच्या अंगी प्राणवायूचा मोठा साठा असतो आणि तापविताच तो मोकळा होतो. आगकाडीला हवा असणारा प्राणवायू जणू पुडीत बांधून मिळाला!

१८०५ साली पॅरिसमधील शांसेल नावाच्या तरुणाने या लवणाचा उपयोग करून एक काडी तयार केली. पोटॅशियम क्लोरेट, गंधक आणि साखर यांचे मिश्रण तिच्या टोकाला लावलेले असे. ती पेटवावयाची म्हणजे तिचे टोक तीव्र गंधकाम्लाच्या बाटलीत बुडवून बाहेर काढावयाचे. काडी भपकन पेटे खरी. पण अंग भाजणारे आम्ल खिशात घेऊन कोण हिंडणार? काडी केवळ घासून पेटली पाहिजे होती.

ते साधले इंग्लंडमधील स्टॉक्टन या गावच्या एका औषधविक्याला. त्याचे नाव जॉन वॉकर. लवकर पेट घेणारी मिश्रणे तयार करून पाहण्याचा त्याला छंद होता. असे सांगतात, की एकदा त्याने ज्या काडीने मिश्रण ढवळले होते, तिच्या टोकाला वाळलेला थर शेगडीजवळच्या दगडावर घासला गेला आणि काडी अचानक पेटली. पोटॅशियम क्लोरेट, अँटिमनी सल्फाइड आणि डिंक यांचे ते मिश्रण होते. वॉकरने अशा काड्या तयार केल्या आणि खरखरीत कागदाची घडी करून तिच्यातून काडी जोराने ओढली म्हणजे ती पेटते, हे गिऱ्हाइकांना दाखविले. त्याच्या दुकानाच्या खतावणीत या काड्यांच्या विक्रीची पहिली नोंद ७ एप्रिल १८२७ या दिवशीची आहे. वॉकरने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे लवकरच लंडनमधील इतरांनी तशाच काड्या काढल्या आणि त्यांवर चांगले पैसे मिळविले.

वॉकरच्या काडीत उणिवा होत्या. ती घासण्यास जोर लागे, पेटताना ठिणग्या उडत आणि कधी कधी जळते टोकच गळून खाली पडे. १८३१ च्या सुमारास शार्ल सोरिया नावाच्या एका तरुण फ्रेंच विद्यार्थ्याने मिश्रणातील अँटिमनी सल्फाइड काढून त्याच्या जागी पांढरा फॉस्फरस घातला. आता काडी भिंतीवर, दगडावर, बुटाच्या तळव्यावर, कोठेही हलकेच घासली तरी पेटू लागली. अवघ्या काही वर्षांत या काड्यांचे कारखाने युरोपातील अनेक देशांत निघाले. हजारो वर्षे ज्याच्यासाठी माणूस धडपडला, तो अग्नी आता त्याच्या खिशात येऊन बसला होता.

परंतु हा अग्नी भलत्याच किंमतीला मिळत होता. ही किंमत काडी विकत घेणाऱ्याला मोजावी लागत नसे. ती बनविणाऱ्याला मोजावी लागे.

पांढरा फॉस्फरस हे जहाल विष आहे. कारखान्यात काड्यांची टोके फॉस्फरसच्या लगद्यात बुडवीत, तेव्हा त्याची वाफ सर्वत्र पसरे. कामगार दिवसभर त्या हवेत श्वास घेत. त्याच हातांनी, त्याच जागी बसून भाकरतुकडा खात. काही वर्षांनी त्यांच्यापैकी काहींचे दात दुखू लागत, हिरड्या सुजत, त्यांतून पू वाहू लागे आणि अखेर जबड्याचे हाड कुजत जाई. व्हिएन्ना येथील लोरिन्सर नावाच्या डॉक्टराने १८४५ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचे मूळ आगकाड्यांच्या कारखान्यात आहे हे दाखवून दिले. पुष्कळदा रोग्याचा जबडा कापून काढावा लागे. एवढे करूनही कित्येक दगावत. आणि या कामगारांत मोठा भरणा कोणाचा होता? गरीब घरांतील स्त्रियांचा आणि तुमच्याएवढ्या मुलामुलींचा.

या संकटावरील उपायही शास्त्रानेच दिला, आणि तोही फार लवकर. व्हिएन्नामधील श्रोटर या रसायनशास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या दशकात असे सिद्ध केले, की पांढरा फॉस्फरस हवा न लागू देता बराच वेळ तापविला तर त्याचे रूप पालटते. तो तांबडा होतो. हा तांबडा फॉस्फरस अंधारात चमकत नाही, सहजासहजी पेटत नाही आणि पांढऱ्यासारखा विषारीही नसतो. मूलद्रव्य एकच, परंतु त्याच्या अणूंची रचना बदलताच त्याचा स्वभाव बदलला. कोळसा आणि हिरा यांचे मूलद्रव्य एकच असते, त्यातलाच हा प्रकार.

आता अडचण वेगळीच होती. तांबडा फॉस्फरस पोटॅशियम क्लोरेटशी मिसळून काडीला लावावा, तर ते मिश्रण जरा घासताच स्फोट पावे. दोघे एकत्र नांदेनात. मग त्यांना एकत्र ठेवावयाचेच कशाला? स्वीडनमधील गुस्ताफ एरिक पाश या रसायनशास्त्रज्ञाला ही युक्ती सुचली. काडी पेटण्यास जी द्रव्ये लागतात, ती त्याने दोन ठिकाणी वाटून टाकली. प्राणवायू देणारे लवण काडीच्या टोकावर आणि फॉस्फरस पेटीच्या बाजूवर! दोघांची गाठ घासण्याच्या क्षणीच पडावयाची. एरवी दोघेही निरुपद्रवी. १८४४ साली पाशने या कल्पनेचे पेटंट घेतले. स्वीडनमधीलच यन्शेपिंग या गावी लुंडस्ट्रॉम आडनावाच्या दोघा भावांचा आगपेट्यांचा कारखाना होता. त्यांपैकी थोरल्या भावाने, योहान एडवर्डने, ही पद्धत सुधारली. १८५५ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात या काड्यांना पदक मिळाले. आज आपण वापरतो ती हीच सुरक्षित आगकाडी होय.

आता आपण आपल्या घरातील आगपेटीकडे पाहू. तिच्या बाजूवरील तपकिरी पट्टीत तांबडा फॉस्फरस, काचेची बारीक पूड आणि सरस असतो. काडीच्या टोकावरील गोळ्याला, म्हणजे गुलाला, पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचपूड, सरस आणि थोडा रंग यांचे मिश्रण लावलेले असते. आपण काडी पट्टीवर ओढतो, तेव्हा काचेच्या कणांमुळे घर्षण वाढते आणि उष्णता उत्पन्न होते. त्या उष्णतेने पट्टीवरील तांबड्या फॉस्फरसच्या काही कणांचे पांढऱ्या फॉस्फरसमध्ये रूपांतर होते आणि ते लगेच पेटतात. त्यांच्या धगीने गुलातील पोटॅशियम क्लोरेट प्राणवायू सोडू लागते. त्या प्राणवायूत गंधक भडकते. नाकाला झोंबणारा वास येतो तो त्याचाच. गंधकाच्या ज्वाळेने काडीचे लाकूड धरते. हे सारे घडण्यास एक निमिषही पुरते. यांपैकी एक दुवा गाळला, तरी साखळी तुटते. म्हणूनच ही काडी साध्या भिंतीवर घासली तर सहसा पेटत नाही. आणि जुन्या आगपेटीची पट्टी झिजली, की काड्या शिल्लक असूनही त्या निरुपयोगी होतात.

साध्या दिसणाऱ्या या काडीच्या लाकडातही पुष्कळ विचार भरलेला आहे. लाकूड मऊ, सरळ रेषांचे आणि पांढरे हवे. युरोपात त्यासाठी अ‍ॅस्पेन नावाचा वृक्ष वापरतात. आपल्याकडे काटेसावरीसारख्या झाडांचे लाकूड उपयोगी पडते. ओंडक्याचे लहान तुकडे करून, साल काढून, तो यंत्रावर फिरवितात आणि धारदार पाते त्याला टेकवितात. सफरचंदाची साल एका लांब पट्टीत सोलावी, त्याप्रमाणे लाकडाचा सलग पातळ पापुद्रा निघत जातो. त्याची जाडी सुमारे दोन मिलिमीटर असते. या पापुद्र्यांचे थर रचून दुसरे पाते त्यांच्या एकसारख्या काड्या कापते. मग या काड्या अमोनियम फॉस्फेटच्या द्रावणात भिजवून वाळवितात. असे का करतात? काडी विझविल्यावर तिच्या टोकाशी निखारा धुमसत राहिला, तर टाकलेल्या ठिकाणी आग लागण्याचा संभव असतो. या लवणामुळे ज्वाळा विझताच काडी पूर्णपणे थंड पडते. त्यानंतर काडीचे गुलाकडील टोक पातळ मेणात बुडवितात. गुलाची ज्वाळा क्षणभंगुर असते. लाकूड पेटेपर्यंत तिला दम धरवत नाही. मेण मध्ये दुव्याचे काम करते. पेटत्या काडीकडे नीट पाहिलेत, तर आधी उसळणारा प्रखर भडका, मग मेणाची शांत पिवळी ज्योत आणि मग लाकूड, असा क्रम तुमच्या ध्यानात येईल. मेण लावून झाल्यावर गुलाचा लगदा, मग वाळविणे आणि शेवटी पेटीत भरणे. हे सारे काम पूर्वी हातांनी चाले. यन्शेपिंगच्या कारखान्यात १८६४ पासून लागेरमान या तंत्रज्ञाच्या यंत्रांनी ते हळूहळू हाती घेतले. काड्या स्वस्त झाल्या, त्या या यंत्रांमुळे.

सुरक्षित काडी सापडली. तेव्हा विषारी काडी ताबडतोब बंद झाली असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. पांढऱ्या फॉस्फरसची काडी बनविण्यास स्वस्त पडे आणि ती कोठेही पेटे. म्हणून गिऱ्हाइकाला ती सोयीची वाटे. फिनलंड आणि डेन्मार्क या देशांनी १८७२ ते १८७४ या काळात तिच्यावर बंदी घातली. परंतु इंग्लंडसारख्या बलाढ्य देशात कारखाने पूर्ववत चालू राहिले.

लंडनच्या पूर्व भागात ब्रायंट अँड मे कंपनीचा असा एक मोठा कारखाना होता. तेथे शेकडो मुली काम करीत. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला काम सुरू होई आणि ते सायंकाळी सहापर्यंत चाले. मजुरी तुटपुंजी, त्यातूनही पाय मळलेले दिसले, आपापसांत बोलल्या किंवा उशीर झाला, म्हणून दंड कापून घेत. १८८८ च्या जून महिन्यात अ‍ॅनी बेझंट या विदुषीने या मुलींच्या भेटी घेतल्या आणि आपल्या साप्ताहिकात त्यांच्या हालअपेष्टांना वाचा फोडली. 'हा मजकूर खोटा आहे' अशा कागदावर मुलींनी सह्या कराव्यात, असा आग्रह मालकांनी धरला. मुलींनी सह्या केल्या नाहीत. जुलैच्या आरंभी एका मुलीला कामावरून काढून टाकताच सुमारे १४०० स्त्रिया आणि मुली काम सोडून बाहेर पडल्या. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, शिक्षण नव्हते, पाठीशी कोणी मोठा माणूस नव्हता. होती ती फक्त एकजूट. दोन आठवड्यांच्या आत मालकांना नमते घ्यावे लागले. दंड रद्द झाले आणि जेवणासाठी वेगळी खोली देण्याचे मान्य झाले. ही दुसरी मागणी किती मोलाची होती, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. फॉस्फरसने माखलेल्या मेजावर बसून घास घेण्याची पाळी आता त्यांच्यावर येणार नव्हती. याच अ‍ॅनी बेझंट पुढे १८९३ साली भारतात आल्या, लोकमान्य टिळकांप्रमाणे त्यांनीही १९१६ साली होमरूलची चळवळ उभारली आणि १९१७ च्या कलकत्ता येथील काँग्रेस अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या.

संप यशस्वी झाला, तरी विष शिल्लकच होते. १८९१ साली मुक्तिफौज या धर्मादाय संस्थेने लंडनमध्ये आपला स्वतःचा कारखाना काढला. तेथे केवळ तांबडा फॉस्फरस वापरीत आणि मजुरीही अधिक देत. सुरक्षित काडी करूनही कारखाना चालविता येतो, हे त्यांना जगाला दाखवावयाचे होते. १८९८ साली सेव्हेन आणि काहाँ या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी फॉस्फरस आणि गंधक यांच्या एका संयुगापासून कोठेही पेटणारी, परंतु बिनविषारी काडी बनविली. आता तर जुन्या काडीच्या बाजूने सांगण्यासारखे काहीच उरले नाही. १९०६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी काही राष्ट्रांनी एकत्र येऊन पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनविण्यास, विकण्यास आणि आयात करण्यास बंदी करण्याचा करार केला. अमेरिकेत नव्या संयुगाचे पेटंट डायमंड मॅच कंपनीकडे होते. ते सर्वांना खुले करावे, असे आवाहन राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी केले आणि १९११ साली कंपनीने त्या पेटंटावरील आपला हक्क सोडून दिला. भारतात अशा काड्यांवर बंदी घालणारा कायदा १९१३ साली झाला. लोरिन्सरच्या लेखापासून या कायद्यापर्यंत ६८ वर्षे लोटली होती. उपाय ठाऊक असणे आणि तो अमलात येणे, यांत केवढे अंतर पडू शकते हे यावरून दिसते.

आपल्या देशात प्रथम आगपेट्या परदेशांतून, मुख्यत्वे स्वीडन आणि जपान येथून, येत असत. पुढे आयात मालावरील जकात वाढली आणि येथेच आगपेट्या बनविणे लाभाचे ठरू लागले. स्वीडिश आगपेटी उद्योगाने १९२३ साली भारतात विमको ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना आपल्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे उभा राहिला आणि तो अनेक वर्षे यंत्रांच्या साहाय्याने काड्या तयार करीत होता. याच सुमारास, १९२२ साली, तमिळनाडूतील शिवकाशी गावचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे चुलतभाऊ कलकत्त्याला गेले, आगपेट्या बनविण्याची कला शिकले आणि गावी परतून त्यांनी हा धंदा सुरू केला. शिवकाशीचा मुलूख रुक्ष. पाऊस कमी आणि शेतीचा भरवसा नाही. परंतु जी कोरडी हवा शेतीला वैरी, तीच काड्या वाळविण्यास अनुकूल. शिवकाशी आणि तिच्या आसपासची गावे पाहता पाहता भारतातील आगपेटी उद्योगाचे केंद्र बनली. हजारो कुटुंबांच्या चुली या काड्यांवर पेटू लागल्या.

मात्र येथेही जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. चौकटीत काड्या बसविणे, पेट्या चिकटविणे, त्यांत काड्या भरणे ही कामे हाताने होत आणि ती करण्यास लहान मुलांना लावीत. शाळेत पाटी-पेन्सिल धरावयाची, त्या वयात त्यांच्या हाती काड्यांच्या चौकटी आल्या. १९८६ साली झालेल्या कायद्याने आगपेट्या बनविण्याच्या कामात चौदा वर्षांखालील मुलांना लावण्यास मनाई केली. एम. सी. मेहता या विधिज्ञांनी शिवकाशीच्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला होता. १० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने त्यावर निकाल दिला. अशा कामातून सोडविलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने वीस हजार रुपये भरावेत, त्या पैशांतून मुलांच्या कल्याणासाठी निधी उभारावा आणि मुलांना शिक्षण मिळावे, असे त्यात फर्माविले आहे. २०१६ साली कायदा आणखी कडक झाला. लंडनच्या मुलींपासून शिवकाशीच्या मुलांपर्यंत ही एकच कहाणी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आज अनेक घरांत शेगडी पेटविण्यास लायटर वापरतात. तरीही देवघरातील निरांजन, दिवाळीतील पणती आणि शेतातील चूल यांना आगकाडीच लागते. रुपया-दोन रुपयांत मिळणाऱ्या या पेटीत किती जणांचा वाटा आहे पाहा! सोन्याच्या लोभाने भट्टीपुढे बसलेला ब्रांड, औषधांच्या दुकानात मिश्रणे ढवळणारा वॉकर, विरोधी द्रव्यांना दोन ठिकाणी बसविणारा पाश, रोगाचे मूळ शोधणारा लोरिन्सर आणि खोट्या कागदावर सही न करणाऱ्या त्या निर्धन मुली. शास्त्रज्ञांनी काडीला पेटविण्याचे सामर्थ्य दिले. ती बनविणाऱ्यांचे प्राण घेणार नाही, अशी ती झाली ती मात्र माणसांच्या धैर्यामुळे. कोणतीही वस्तू स्वस्त आणि सोयीची आहे काय, एवढेच पाहून भागत नाही. ती कोणाच्या हातांनी बनली आणि त्या हातांना तिने इजा तर केली नाही ना, हेही विचारले पाहिजे. हा प्रश्न विचारणारी माणसे प्रत्येक पिढीत निपजली, म्हणूनच आपल्या घरातील ही काडी आज निर्धास्तपणे पेटते.